रिमोनाबँट विकणारा गांजेकस

२००८ साली मी नाशिक हेडक्वार्टरचा एमआर होतो, म्हणजे डॉक्टरांना कंपनीच्या औषधांची माहिती सांगत फिरणारा प्रतिनिधी. दिवसभर डॉक्टरांच्या चेंबरमध्ये ज्या गोळीचं डिटेलिंग करायचो, ती मेंदूतला सीबी-१ नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची रसायन लागायची जागा, अडवायची. रात्री गंगापूर रोडच्या खोलीवर आल्यावर जे ओढायचो, ते बरोबर तोच रिसेप्टर चालू करायचं. गोळी रिमोनाबँट, आणि ओढायचा तो गांजा. दोन्हींचा रिसेप्टर एकच हे मला तोंडपाठ होतं. प्रॉडक्ट ट्रेनिंगच्या परीक्षेत त्यावर प्रश्नच होता आणि मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. पण व्हिज्युअल एडवरचं, म्हणजे डॉक्टरला दाखवायच्या माहितीपानांवरचं, ज्ञान समोरच्या डॉक्टरसाठी असतं. ते बॅगेतून निघतं आणि परत बॅगेत जातं. ज्यानं एमआरचं काम केलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

गोळी वजन कमी करायची म्हणून आली होती. तिच्यामागची कल्पना मला आजही हुशारीची वाटते. गांजा ओढलेला माणूस रात्री अकराला डब्याच्या तळाचा मऊ पडलेला चिवडासुद्धा संपवतो. म्हणजे गांजा जिथे लागतो त्या जागेचा भुकेशी संबंध आहे. मग ती जागाच अडवली तर? फ्रान्सच्या सनोफीने हा रेणू १९९४ मध्ये जाहीर केला, २००६ मध्ये युरोपात तो लठ्ठपणासाठी बाजारात आला, आणि पाठोपाठ आपल्याकडच्या कंपन्यांनी आपापल्या नावाने आणला. चाचण्यांत वर्षभरात आत औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा साडेचार-पाच किलो जास्त वजन उतरत होतं. सिगारेट सोडवायला तिचा उपयोग होतो का, याच्याही चाचण्या झाल्या होत्या. पोट आणि सिगारेट एकाच स्ट्रिपमध्ये! आमचा एरिया मॅनेजर वर्षाचं निम्मं टार्गेट ह्या एका प्रॉडक्टवर काढायची स्वप्नं बघत होता.

तोवर अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या सल्लागार समितीने जून २००७ मध्येच १४ विरुद्ध ० मतांनी ती नाकारली होती. कारण पोटातलं नव्हतं, मनातलं होतं: नैराश्य, घबराट, आत्महत्येचे विचार. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपातही विक्री थांबवायचा निर्णय झाला. तिथल्या यंत्रणेच्या हिशेबाने मानसिक त्रासाचा धोका जवळजवळ दुप्पट होता. भारतात डिसेंबर २००९ मध्ये बंदी आली. आमच्या बॅगेतलं ते पान एका सायकल मीटिंगमध्ये काढून घेतलं, त्या जागी कॅल्शियमचं आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तितक्याच उत्साहात कॅल्शियम सांगू लागलो.

हा सगळा जुना इतिहास सांगायचं कारण, पुढे बऱ्याच वर्षांनी गांजा सोडताना मला जे झालं ते समजून घ्यायला पुस्तकांपेक्षा ही मागे घेतलेली गोळीच जास्त कामाला आली.

मधल्या काळात मी पुण्यात ट्रेनिंग डिपार्टमेंटला आलो. नवीन भरती झालेल्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवायचं काम. लग्न झालं, फ्लॅट घेतला, हप्ते सुरू झाले. गांजा रोजचा होता: जेवणाआधी एक, झोपण्याआधी एक, रविवारी जरा लवकर सुरुवात. आपल्याकडे बहुतेक जण ओढतात तसाच, सिगारेटची तंबाखू मिसळून. कामावर बोभाटा नाही, घरात आरडाओरडा नाही, त्यामुळे त्याला व्यसन म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. बायकोला आवडत नव्हतं, पण तिचा आक्षेप वासाला होता. आणि मित्रमंडळीत ते ठरलेलं वाक्य असतंच: दारूचं व्यसन लागतं, ह्याचं लागत नाही; हे झाड आहे, शंकराचं आहे.

मग कंपनीने एका ट्रेनिंगसाठी सिंगापूरला पाठवलं. अमली पदार्थांसाठी फाशीची शिक्षा देणारा देश, त्यामुळे सोबत काही नेण्याचा विचारही शक्य नव्हता. दुसऱ्या रात्रीपासून झोप उडाली. पहाटे घामाने उशी ओली. नाश्त्याच्या हॉलमध्ये अंड्याचा वास आला की मळमळायचं. शेजारी बसलेल्या एका बिचाऱ्या सहकाऱ्याने पेन मागितलं तर त्याच्यावर खेकसलो. जेट लॅग असेल असं मी ठरवून टाकलं. सिंगापूर आपल्या फक्त अडीच तास पुढे आहे. अडीच तासांचा जेट लॅग झालेला माणूस अजून जन्माला यायचाय. परत आलो, बॅग हॉलमध्ये टाकली, गच्चीवर जाऊन चार झुरके मारले, आणि थोड्याच वेळात मला कडकडून भूक लागली. पोट जागेवर, डोकं जागेवर.

औषध बंद केल्यावर जो त्रास सुरू होतो आणि औषध परत दिल्याबरोबर जातो, त्याला काय म्हणतात? हा प्रश्न मी दर बॅचला विचारत होतो.

मग वाचायला लागलो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदानपुस्तिका, डीएसएम, तिच्या आधीच्या आवृत्तीत गांजा सोडल्याचा त्रास हे निदानच नव्हतं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते आलं. चिडचिड, बेचैनी, झोप जाणं, विचित्र स्वप्नं, भूक मरणं, उदासी, वर घाम, थरथर, पोटदुखी. म्हणजे ‘लागत नाही’ म्हणणारे माझे मित्र जुनी आवृत्ती वाचत होते. अर्थात ते अगदीच खोटं बोलत नव्हते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीवरून काढलेला आकडा असा आहे की गांजा कधीही ओढलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक त्यावर अवलंबून होतात. दारूचा आकडा १५, तंबाखूचा ३२. बाकीच्या ९१ टक्क्यांत असण्याचा माझा काही हक्क नव्हता, एवढंच.

डॉक्टर शोधणं ही वेगळीच भानगड. पुण्यात माझ्या ओळखीचे डॉक्टर पोत्याने आहेत, आणि अडचण तीच. शेवटी पिंपरीकडच्या एक मानसोपचारतज्ज्ञ मॅडम निवडल्या, जिथे माझी टीम जात नव्हती अशी माझी समजूत होती. वेटिंगमध्ये बिनबॅगेचा, बिनटायचा बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला डॉक्टरच्या दाराबाहेर बसून नंबरची वाट बघावी लागत होती; एरवी आम्ही पेशंट संपायची वाट बघतो. तेवढ्यात दारातून एक पोरगा आत आला, माझ्याच जुन्या बॅचचा, आता दुसऱ्या कंपनीत. “सर! तुम्ही? जॉइंट वर्किंगला का?” साहेब बरोबर फिरले की आम्ही त्याला जॉइंट वर्किंग म्हणतो. मी म्हटलं, “हो रे, तसंच काहीतरी.”

मॅडम साठीच्या आसपासच्या, आवाज हळू, प्रश्न थेट. दिवसातला पहिला किती वाजता? संपला तर रात्री आणायला बाहेर पडता का? तंबाखू न मिसळता कधी ओढलाय? ह्या शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. घरात कुणाला मानसिक आजार, पूर्वी कधी भास, संशय, आत्महत्येचे विचार, हेही सगळं विचारलं. पोलिसांची भीती माझ्या चेहऱ्यावर दिसली असावी. त्या म्हणाल्या, इथे बोललेलं इथेच राहतं, आणि अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातसुद्धा कलम ६४अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. २०१९ च्या सरकारी पाहणीत गांजा-भांगेच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक देशात मोजले गेले होते. “त्यातले माझ्यासमोर येतात ते बहुतेक आईने ओढत आणलेले,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही आपणहून आलात, तर आता दोघांचाही वेळ वाचवू या.”

मी माझ्या स्वभावानुसार पहिल्यांदा मॉलिक्यूल, म्हणजे औषध, विचारला. “मॅडम, अफूवर नाल्ट्रेक्सोन आहे. ह्याच्यावर काय?”

“खास ह्याच्यासाठी मान्यता मिळालेलं काहीच नाही.”

“पण सीबी-१ अडवणारा अँटॅगोनिस्ट तर...”

“तो होता की. तुम्हीच विकलात ना?” माझी नोकरी मी फॉर्मवर लिहिली होती.

ठरलं ते असं. एक तारीख घ्यायची, त्याआधी घरातला माल, कागद, चुरायचं यंत्र, चांगलं पितळी लायटर, सगळं घालवायचं. त्या तारखेनंतर थेट बंद. झोपेसाठी थोडे दिवस एक सौम्य गोळी, दर आठवड्याला भेट, दारू नाही. दारू का नाही, तर गांजा सोडणाऱ्याची रिकामी संध्याकाळ बहुतेक वेळा तीच भरते. लघवीची तपासणी लगेच करायची नाही, कारण गांजातलं नशेचं रसायन, टीएचसी, चरबीत साठतं आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष कित्येक आठवडे सापडतात; उगाच पॉझिटिव्ह बघून माणूस खचतो.

पहिले दोन दिवस मला वाटलं आपण जिंकलो. मग सुरू झालं. मी जितका शांत समजला जातो तितकाच माझा आवाज त्या आठवड्यात चढला. भाजीत मीठ कमी, लिफ्ट उशिरा, शेजारच्यांचा कुत्रा, व्हॉट्सॲपचा टिंग. भूक तर अशी मेली की आमटी-भाताचं ताट समोर आलं तरी घास तोंडात फिरायचा. बायकोने मुकाट्याने पेज आणि मेतकूट सुरू केलं. रात्री तीनला गच्च घामेजून उठायचो, गंजीफ्रॉक बदलून बाल्कनीत बसायचो. पण सगळ्यांत वाईट ती गोष्ट ज्याला पुस्तकात नुसतं उदासी म्हटलंय. कशातच चव नाही. क्रिकेट लावलं तर बघवत नाही, बंद केलं तर ते शांत घर सोसवत नाही.

अशाच एका पहाटे, का कोण जाणे, मला रिमोनाबँटच्या पत्रकातलं ते शेवटचं पान आठवलं. दुष्परिणामांचं, बारीक टाइपातलं, जे डिटेलिंग करताना आम्ही अंगठ्याखाली धरायचो. मळमळ, चिडचिड, घबराट, झोपेचे विकार, उदास मनःस्थिती. मी मनात ती यादी म्हणत गेलो आणि दर शब्दाला माझ्या अंगात खूण सापडत गेली.

हे असं का, हे सांगायला थोडं मेंदूत शिरावं लागेल. गांजातलं टीएचसी वेगळं काढलं ते १९६४ मध्ये इस्रायलमध्ये, राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी ह्यांनी. ते लागतं कुठे हे कळायला १९८८ उजाडलं. मेंदूत त्याच्यासाठी रिसेप्टर आहे, आणि एवढ्या मोठ्या संख्येने आहे, म्हटल्यावर प्रश्न आला की एका झाडाच्या रसायनासाठी मेंदू अशी सोय का करून ठेवेल? म्हणजे मेंदूचं स्वतःचं काहीतरी असणार. ते १९९२ मध्ये मेशुलाम ह्यांच्याच प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून सापडलं: आनंदामाइड. तीनच वर्षांनी दुसरं, २-एजी.

ही रसायनं करतात काय? दोन चेतापेशी बोलतात तेव्हा एक पेशी रसायन सोडते, दुसरी घेते. निरोप एकाच दिशेने जातो. २००१ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिलं की इथे उलटं चालतं. पंगतीत वाढपी वाढतच सुटला की आपण पानावर हात आडवा धरतो, तसा तो निरोप. घेणारी पेशी ऐन वेळी २-एजी तयार करते, ते उलट जाऊन देणाऱ्या पेशीवरच्या सीबी-१ ला लागतं, आणि वाढप थांबते. थोड्याच वेळात एन्झाइम त्या रसायनाचा फडशा पाडतात, हात बाजूला होतो, वाढप परत सुरू. टीएचसी मात्र अख्ख्या पंगतीच्या पानांवर हात धरून बसतं आणि तासन् तास उठत नाही. रोज संध्याकाळी असं व्हायला लागलं की वाढपी हातांकडे बघणंच सोडून देतात. म्हणजे पेशी आपल्या पृष्ठभागावरचे सीबी-१ आत ओढून घेतात, उरलेले बधिर होतात.

आता गांजा बंद केला. बाहेरचं टीएचसी नाही, आणि स्वतःच्या आनंदामाइडला, २-एजीला लागायला पुरेसे रिसेप्टर नाहीत. रिसेप्टर गोळीने अडवला काय किंवा संख्येने घटला काय, पेशीला फरक पडत नाही. मला कुणी रिमोनाबँट दिलं नव्हतं, ते मी घरच्या घरी तयार केलं होतं. प्रयोगशाळेत तर हे सरळच दिसतं: काही दिवस टीएचसी दिलेल्या उंदराला रिमोनाबँट टोचलं की त्याला तिथल्या तिथे विथड्रॉवल, म्हणजे सोडल्याचा त्रास, सुरू होतो.

पुढच्या भेटीत मी हे सगळं मॅडमना ऐकवलं. त्या शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, “बरोबर आहे. आता हे सांगा, घटलेले परत कधी येतात?” मला माहीत नव्हतं. २०१२ मध्ये अमेरिकेत रोज गांजा ओढणाऱ्या ३० पुरुषांच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं होतं. सीबी-१ ला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य टोचून. मेंदूच्या बाह्य थरात ते रिसेप्टर सुमारे २० टक्के कमी दिसले. त्यातल्या काहींना चारेक आठवडे देखरेखीखाली गांजाविना ठेवून परत स्कॅन केलं, तर मेंदूतला हिपोकॅम्पस नावाचा भाग सोडता बाकी सगळीकडे ते भरून आले होते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाला तर भरून येण्याची सुरुवात दोनच दिवसांत दिसली. अभ्यास लहान आहेत, दोन्हींत पुरुषच आहेत, मला ट्रेनर म्हणून त्यात दहा उणिवा काढता येतील. पण पहाटे तीनला बाल्कनीत बसलेल्या माणसाला सांख्यिकी नको असते. आपल्याला काही करायचं नाहीये, फक्त त्यात परत माती टाकायची नाही, रिसेप्टर त्यांच्या वेगाने परत येतायत, एवढं कळलं तरी बसून राहता येतं. इच्छाशक्ती वगैरे शब्द मी त्या काळात वापरले नाहीत. मला कुणी इच्छाशक्तीबद्दल विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

दुसऱ्या आठवड्यापासून भूक परतली, घाम थांबला. झोप आली ती मात्र स्वप्नांचा बाजार घेऊन. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो. सोडला की ती थकबाकीसकट वसूल होते. मालेगावच्या एका डॉक्टरांच्या चेंबरमध्ये मी बॅग उघडतोय आणि आतून फक्त कॅल्शियमची पत्रकं निघतायत. एरिया मॅनेजर माझ्या लग्नात अक्षतांऐवजी सॅम्पल वाटतोय. सकाळी बायकोला सांगायचो तर ती म्हणायची, “झोपेत पण ड्युटीवरच!”

आणि एक भलतीच गोष्ट झाली. सिगारेटी वाढल्या. पूर्वी मी स्वतःला सिगारेट ओढणारा समजतच नव्हतो; पाकीट घ्यायचो ते तंबाखू काढायला. आता ते पाकीट तसंच, आख्खं, संपायला लागलं. मॅडमचा तो शेवटचा प्रश्न ह्यासाठी होता. आपल्याकडचा गांजेकस बहुतेक वेळा दोन व्यसनं एकाच कागदात गुंडाळतो आणि एकाचंच नाव घेतो.

इथे ही सीबी-१ ची गोष्ट फक्त गांजाची राहत नाही. मेंदूच्या मधल्या भागात व्हीटीए नावाचा एक छोटा पुंजका आहे. तिथल्या डोपामिन, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन, सोडणाऱ्या पेशींना आवरून धरणारे चेतातंतू असतात, आणि त्या आवरणाऱ्यांवर सीबी-१ असतात. ‘पुरे’चा निरोप आवरणाऱ्यांनाच गेला की डोपामिन मोकळं सुटतं. निकोटिन, दारू, अफू ह्यांचे रिसेप्टर वेगळे, दरवाजे वेगळे. पण आत गेल्यावर सगळ्यांची वाट थोडीफार ह्याच यंत्रणेवरून जाते. १९९९ मध्ये सीबी-१ चं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना मॉर्फीन स्वतः टोचून घ्यायची सोय दिली तरी त्यांनी त्यात रस घेतला नाही, आणि जबरदस्तीने देऊन बंद केलं तेव्हा विथड्रॉवलही सौम्य निघाला. वेदना मात्र मॉर्फीनने कमी होत होत्या. उंदराला रिमोनाबँट दिलं की तो निकोटिन मिळवून देणारी पिंजऱ्यातली कळ कमी दाबतो, हेही दिसलं. सिगारेट सोडवायच्या त्या चाचण्या वेड्यांचा बाजार नव्हत्या, हे मला बंदीनंतर कितीतरी वर्षांनी कळलं. गोळीची कल्पना चुकीची नव्हती. जिथे तलफ राहते तिथेच भूक, झोप, जेवणाची चव आणि सकाळी उठावंसं वाटणं हेही राहतं, आणि गोळीला त्यातलं एकच काढून नेता येईना.

एन्झाइम अडवून स्वतःचं आनंदामाइड जरा जास्त वेळ टिकू द्यावं, अशीही एक वाट आहे. येलमध्ये अशा एका औषधाने गांजा सोडणाऱ्या पुरुषांचा त्रास आणि ओढणं दोन्ही कमी झाल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच जातीच्या दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीत, फ्रान्समधल्या रेन शहरात, जानेवारी २०१६ मध्ये एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला होता आणि पाच जण इस्पितळात होते. हे वाचल्यावर ‘मॉलिक्यूल काय?’ विचारायची माझी खुमखुमी बरीच उतरली. मॅडमनी आनंदामाइड वाढवायचा जो उपाय दिला तो टेकडीचा होता. मध्यम दमाच्या व्यायामाने रक्तातलं आनंदामाइड वाढतं हे माणसांत मोजलेलं आहे. म्हणून मी रोज संध्याकाळी, म्हणजे गच्चीच्या वेळेला, वेताळ टेकडी चढायला लागलो. मला तिथे आनंद वगैरे झाला नाही. दम लागला, आणि रात्री झोप बरी लागली.

काही महिन्यांनी चुलतभावाकडची नारायण नागबळी होती, त्र्यंबकेश्वरला. सगळं घर गेलं होतं. तोवर मला आठवड्यातून एखाद्या वेळी सोडता गांजाची आठवणही येत नव्हती. तपासणी निगेटिव्ह, मॅडमच्या भेटी महिन्यावर गेलेल्या. कुशावर्ताकडून परतताना एका भिंतीलगत चार साधू धुनी लावून बसलेले, आणि चिलमीचा धूर नाकात शिरला. तोंडाला पाणी सुटलं, तळहात ओले, छातीत धडधड. माझे पाय वळले होते. हे मी शोभेसाठी सांगत नाही, काकूंनी “अरे इकडे, इकडे रस्ता” म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. मॅडमनी अशा वेळेसाठी शिकवलेलं होतं: जागा सोड, काहीतरी खा, कुणाच्या तरी सोबत राहा. काकूंना डोकं दुखतंय सांगून त्यांच्याबरोबर टपरीवर चहा आणि दोन वडापाव घेतले. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं. सोवळ्यातल्या भावाने मला वडापाव खाताना बघितलं आणि अजून ऐकवतो.

ॲमस्टरडॅमच्या संशोधकांचा २००१ मधला एक प्रयोग मी त्यानंतर शोधून वाचला. कोकेनची सवय लावून मग आठवडेच्या आठवडे कोकेनविना ठेवलेले उंदीर. त्यांना परत कळ दाबायला लावणाऱ्या तीन गोष्टी होत्या: कोकेनचा छोटा डोस, पूर्वी कोकेनसोबत दिसणारी-ऐकू येणारी खूण, आणि पायाला विजेचा झटका, म्हणजे ताण. सीबी-१ अडवल्यावर पहिल्या दोन थांबल्या, ताणाची थांबली नाही. आणि सीबी-१ मुद्दाम चालू केला तर कोकेन न देताच उंदीर कळीकडे वळले. म्हणजे ‘ती जागा, तो वास, ती माणसं’ ह्याची वही ठेवण्यात ही यंत्रणा आहे. माझा अनुभव त्याला धरूनच आहे: वार्षिक अप्रेझलने, हप्त्याने, सासऱ्यांच्या आजारपणाने कधी तलफ आणली नाही, चिलमीच्या एका झुळकीने आणली. हिपोकॅम्पस सोडता बाकी सगळीकडे, असं त्या पेट स्कॅनवाल्यांनी लिहिलं होतं, आणि आठवणींचं दफ्तर त्याच हिपोकॅम्पसकडे असतं. ह्यावरून मी काही सिद्ध करत नाही, पण त्र्यंबकला आता जायचं तर मी वडापावाचे पैसे सुटे घेऊन जातो.

राहता राहिली सिगारेट. ती गांजापेक्षा चिवट निघाली, आणि त्यात आश्चर्य नाही, ३२ आणि ९ चा फरक आहे तो. तिच्यासाठी मात्र मॉलिक्यूल आहे, निकोटिनची च्युइंगम. चार मिलिग्रॅमवरून दोनवर आलोय. जेवणानंतरची एक अजून सुटत नाही. मॅडम म्हणतात, ती कुठे ओढता? मी म्हटलं, गच्चीवर. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि पुढची तारीख दिली. आता जेवण झालं की मी गच्चीऐवजी खाली जाऊन सोसायटीला दोन फेऱ्या मारतो, च्युइंगम चघळत, वॉचमनशी पाण्याच्या टँकरवर बोलत.